चहाला न आलेला पावणा

माझं काम लोकांचे डोळे तपासायचं. राजारामपुरीत माझं चष्म्याचं छोटं दुकान आहे. भिंतीवरची अक्षरं वाचताना माणसं किती थापा मारतात, हे मी रोज बघते. दिसत नसलं तरी अंदाजाने ठोकून देतात आणि पकडली गेली की माझ्यावरच उलटतात. शिवाजी पेठेतले एक वस्ताद तर मला म्हणाले होते, "अक्षरंच बारकी हाईत तुमची." त्यामुळे ‘मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय’ असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं की मला आधी हसू येतं. आमचे आबाही या नियमाला अपवाद नव्हते.

आबा म्हणजे माझे वडील. शाहूवाडीच्या डोंगरात, रस्ता संपतो त्याच्याही पुढे आमचं घर आहे. घरापुढे भाताची खाचरं, एकावर एक पायऱ्यांसारखी चढत गेलेली, आणि सगळ्यात वरच्या बांधाला टेकून जंगल. आई गेल्यापासून आबा तिथे एकटेच राहतात. सोबतीला एक म्हैस आहे, आणि तिच्याशी ते आम्हा दोघा पोरांपेक्षा जास्त बोलतात. माझा धाकटा भाऊ माझ्या दुकानापासून जवळच राहतो, क्लासमध्ये गणित शिकवतो. त्याने फ्लॅट घेतानाच आबांची म्हणून एक खोली धरली होती. आबा दर वर्षी म्हणायचे, "एवढं भात निघू दे, मग येतो." भात दर वर्षी निघायचं आणि आबा तिथेच असायचे.

गेल्या श्रावणात एका दुपारी भावाचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"आक्का, आबांनी काय केलंय ऐकलंस का? भुताला चहाला बोलावलंय."

झालं होतं ते असं. आमच्या भागात पावसात रानात निघताना जुनी माणसं घोंगड्याची खोळ घेतात. काळं, जाड घोंगडं एका कोपऱ्यात दुमडून डोक्यावरून सोडलं की माणूस पार पोटरीपर्यंत झाकला जातो. तोंड दिसत नाही, हात दिसत नाहीत, नुसता एक केसाळ काळा आकार चालताना दिसतो. आता बहुतेक जण प्लास्टिकचा कागद पांघरतात, पण आबा आणि वरच्या धनगरवाड्यातले एक-दोन म्हातारे अजून खोळच घेतात. आदल्या दिवशी सकाळी आबा धार काढून ओसरीत चहा घेत बसले होते. बाहेर झिमझिम होती, धुकं होतं. वरच्या बांधापलीकडे झाडांच्या कडेला त्यांना एक खोळ उभी दिसली, चांगली दांडगी. आबांना वाटलं, धनगरवाड्यातलं कुणीतरी जनावर हुडकत खाली उतरलंय. आमच्याकडे समोर उभ्या माणसाला चहा न विचारणं म्हणजे त्याचा अपमानच. आबांनी ओसरीतूनच हाक घातली, "ओ पावणं! म्हस चुकलीया व्हय? या की, च्या घ्या!"

खोळ हलली नाही. पावणा लाजत असेल असं समजून आबांनी दुसरा कप भरला. मान वर करून बघतात तर खोळ वळत होती. ती झाडांत शिरली आणि तेव्हा कुठे आबांच्या ध्यानात आलं, की तिच्या बाजूची कारवी तिच्या जेमतेम खांद्याला लागत होती. ती कारवी आबांच्या डोक्याच्याही वर जाते. चहा तसाच टाकून ते वर गेले. बांधाच्या चिखलात एक पाऊल उठलेलं होतं. अनवाणी, पाच बोटांचं, आबांच्या दीड पावलाएवढं.

इथवर ठीक होतं. पण आबांनी ही हकिकत दूध डेअरीत सांगितली. डेअरीत सांगणं म्हणजे तालुक्यात दवंडी पिटणं. संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी मोबाइलच्या स्टेटसवर म्हातारबाबांचा पावणा झळकला आणि फिरत फिरत तो माझ्या भावाच्या क्लासमधल्या पोरांपर्यंत पोचला.

फोन आला त्या रात्री जेवायला मी भावाकडे गेले. तो रागावलेला होता, पण मला त्याच्या रागाखालची भीती दिसत होती. "आज माणूस समजून झाडाला बोलावलं. उद्या झाड समजून विहिरीत पाऊल टाकतील," तो म्हणाला. "एकट्या माणसाला असं व्हायला लागलं की समजायचं, आता पुरे." त्याची मुलगी, माझी भाची, कॉलेजात आहे. तिला मात्र आनंदाचं भरतं आलं होतं. परदेशातल्या जंगलांमध्ये बिगफूट नावाचा भलामोठा केसाळ वनमाणूस असतो म्हणे, त्याचे व्हिडिओ ती ताटावर बसून मला दाखवत होती. "आत्या, त्याला लपावं लागतच नाही. तो फक्त थांबतो. केसांचा रंग झाडाच्या सालीचा, त्याच्यावर शेवाळ, पालापाचोळा. माणसं शेजारून जातात आणि त्यांना पत्ता लागत नाही." व्हिडिओत मला झाडं दिसली, आणि एका ठिकाणी लाल गोल काढून त्यात आणखी झाडं दिसली. मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "तेच तर!"

भावाने आणि मी मिळून ठरवलं. मी पुढे जायचं, आबांना नीट बघायचं, समजूत घालायची आणि सामान बांधायचं. रविवारी तो गाडी घेऊन येणार आणि आबांना घेऊन जाणार. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

मलकापूरला एसटी सोडून पुढे वडापच्या जीपने गेले. जीपमधला एक बाबा विचारत होता, "पावणं, कुनाच्यात?" मी घर सांगितल्यावर अख्खी जीप गालातल्या गालात हसली. एकजण म्हणाला, "मग च्या प्यायलाच चाललाय म्हना की!" मला असा संताप आला की उतरताना मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आबा दारातच होते. तब्येत ठणठणीत, आवाज नेहमीसारखा डोंगरापलीकडे ऐकू जाईल असा. मी बरोबर माझा अक्षरांचा तक्ता नेला होता. दुसऱ्या दिवशी ऊन जरा उघडल्यावर तो गोठ्याच्या खांबाला अडकवला आणि आबांना अंतरावर उभं केलं. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधीच झालेलं. एकेक डोळा झाकून त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं घडाघडा वाचली. शेवटची ओळ तर माझी पेठेतली तरणी गिऱ्हाइकंही वाचत नाहीत. मी खुशीत म्हणाले, "आबा, डोळे एक नंबर आहेत!"

आबा खुश झाले नाहीत. हात खाली घेऊन ते गोठ्याच्या पायरीवर बसले.

"डोळं बरं हाईत," ते म्हणाले, "म्हंजी मग डोस्कं गेलंय. असंच की न्हाय?"

हिशेब सरळ होता, आणि तो त्यांनी माझ्याआधी मांडला होता.

"अस्वल असेल की आबा," मी म्हणाले. "उभं राहतं ते मागच्या पायांवर. त्याचं पाऊलही माणसासारखं उठतं."

"असंल. नसंल. मी काय त्येचा दाखला मागितला न्हाय. पर मानूस म्हनून बोलावलं मी त्येला. आख्खी हयात ह्या रानात काढली आन् मला मानूस वळखू येईना." थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "बॅग भर जा माझी. भाताचं काय, कुनीबी बघंल."

दर वर्षी आम्ही ज्या वाक्यासाठी डोकं फोडायचो, ते वाक्य असं सहज हातात पडलं आणि मला रडू आलं. आबांना आम्ही नेणार नव्हतो, ते स्वतःच स्वतःला सोडून चालले होते. त्यानंतर त्यांनी वर जंगलाकडे बघणंच बंद केलं. ओसरीत बसले तरी तोंड गोठ्याकडे करून बसायचे. एकदा धनगरवाड्याकडच्या कुत्र्याच्या भुंकण्यावर त्यांची मान सवयीने वळली आणि त्यांनी ती अर्ध्यातून मागे घेतली.

शनिवारी दुपारी वरच्या खाचरात थोडी भांगलण राहिली होती. जायचं तर जायचं, पण तण ठेवून जायचं नाही, असा आबांचा खाक्या. ते खोळ घेऊन पुढे आणि मी माझ्या लाल रेनकोटात मागे, असे आम्ही वाकून तण उपटत होतो. बारीक पाऊस होता. धुकं झाडांतून खाली सरकत होतं, पुन्हा वर जात होतं. रानकिड्यांची किरकिर एवढी चालली होती की काही वेळाने ती ऐकूच येईनाशी झाली. आणि मग ती थांबली. थांबल्यावर कळलं की किती मोठा आवाज होता तो.

आबांचा हात चिखलात तसाच राहिला. मान वर न करता ते म्हणाले, "आलाय."

"कोण?"

"तू बघ. मी न्हाय बघत."

मी उभी राहिले. बांध माझ्यापासून दहा-बारा पावलांवर होता आणि बांधापलीकडे लगेच झाडं. मी माझ्या सवयीने बघायला लागले. तक्ता वाचतात तसं, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. ऐनाचं खोड. त्याच्यावर शेवाळाचे लोंबते झुपके. कारवी. जांभळीचं वाकडं खोड, त्याच्यावर नेचे उगवलेले. मधे काळोखी. मग पुन्हा कारवी, एक खडक, पुन्हा ऐन. कुठेही काही नव्हतं. मी दुसऱ्यांदा बघितलं. तेच. तिसऱ्यांदा जांभूळ आणि कारवीमधल्या त्या काळोखीवरून नजर गेली, आणि तिथे काळोख असणारच म्हणून पुढेही गेली.

"काही नाही आबा," मी म्हणाले. माझा आवाज कुजबुजल्यासारखा का येत होता, कोण जाणे.

आबा अजूनही खाली वाकलेलेच होते. त्यांनी तण बाजूला ठेवलं आणि चिखलाकडेच बघत, अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसे म्हणाले, "पावणं, आमी निघालोय आता. बसा निवांत."

त्याच वेळी जांभळीशेजारी उजेड पडला.

हे मला नीट सांगता आलं पाहिजे. काही हललेलं मला दिसलं नाही. कुणी वळलं नाही, पाय दिसला नाही, तोंड दिसलं नाही. जिथे मी तीनदा काळोखी वाचली होती, तिथे आता मागची झाडी दिसत होती. ओलं, उजळ गवत दिसत होतं, त्याच्यामागे पांढरट धुकं, आणि एक ओहोळ, बारीक, वरून येणारा. तो ओहोळ आधी नव्हता. म्हणजे होता, पण त्याच्यापुढे काहीतरी उभं होतं. ऐनाच्या खालच्या फांदीपर्यंत पोचणारं, दारभर रुंद काहीतरी इतका वेळ तिथे उभं होतं आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. दाबलेली कारवी हळूहळू सरळ झाली, एकेक पान करून. ओल्या लोकरीसारखा उग्र वास आला आणि गेला. आवाज म्हणाल तर पावसाचाच.

माझ्या अंगावर काटा आला तो संध्याकाळपर्यंत गेला नाही. भीती होती, पण ती मागाहून आली. आधी आलं ते आश्चर्य, आणि ते एवढं मोठं होतं की माझे हात आपोआप जोडले गेले. माझी सगळी विद्या कडांवर चालते. पांढऱ्यावर काळं अक्षर, त्याची कड दिसली की अक्षर दिसलं. इथे कशालाच कड नव्हती. केसांना शेवाळ लागलेलं असेल, शेवाळावर थेंब, थेंबांत तोच हिरवा उजेड. सालीसारखं अंग आणि अंगासारखी साल. त्यात ते श्वाससुद्धा त्या धुक्याच्या चालीने घेत असणार. एवढा मोठा जीव आपल्यासमोर उभा राहतो, आपलं बोलणं ऐकून घेतो, आणि आपल्याला त्याची पाठसुद्धा न दाखवता निघून जातो. अस्वल होतं, गवा होता, की भाची म्हणते तसलं काही होतं, हे मला आजही माहीत नाही. कोणीही असो, माझी ती दुपार त्याने धन्य केली.

"आबा," मी म्हणाले, "होतं."

आबा सावकाश उठले. खोळीतून त्यांचं तोंड तेवढं बाहेर आलं. "दिसलं तुला?"

"नाही. गेल्यावर कळलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मला वाटतं हसले, कारण खोळ हलत होती. त्यांनी चिखलाच्याच हाताने तोंड पुसलं आणि मान वळवून, किती दिवसांनी, वर जंगलाकडे बघितलं.

रविवारी भाऊ आला. आबांची बॅग ओसरीत तयार होती. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाले, आबांचं डोकं ठिकाणावर आहे, त्यांना इथेच राहू दे. तो गणिताचा माणूस. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आक्का, एकच सांग. तुला काय दिसलं?"

"काही नाही दिसलं."

"मग?"

"जे दिसत नव्हतं ते गेलेलं दिसलं."

त्याने कपाळाला हात लावला. "तुम्ही दोघं चला आता गाडीत," तो म्हणाला. माझ्या साक्षीने आबांना जेवढं बळ आलं होतं, ते भावाच्या त्या एका वाक्याने उतरताना मी बघत होते. त्यांनी घोंगडं अंगावर ओढलं. "तेवढं वरच्या खाचराचं पानी वळवून येतो," ते म्हणाले, "मग जाऊ." भाऊ म्हणाला, "एकटे नको. मी येतो." पायांतले बूट न काढताच तो त्यांच्या मागे निघाला.

मी ओसरीतून बघत होते. दोघे वरच्या बांधावर गेले. आबांनी वाकून पाण्याची वाट मोकळी केली आणि चार पावलं पुढे जाऊन झाडांच्या कडेला ते उभे राहिले, नेहमी राहतात तसे, ओढ्याला पाणी किती आहे ते ऐकत. भाऊ बुटाचा चिखल बांधावर घासत होता. मी सगळा वेळ आबांकडेच बघत होते. मग एक धुक्याचा लोट खाली आला, मी पापणी हलवली असेन किंवा नसेन, आणि तिथे झाडं होती. नुसती झाडं.

भावाने मान वर केली. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "आबा?" तो म्हणाला. मग मोठ्याने, "आबा!" तो बांधावरून धावत डावीकडे गेला, परत उजवीकडे आला, पाय घसरून गुडघ्यापर्यंत खाचरात गेला आणि तसाच ओरडत राहिला. त्याचा तो आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. जत्रेत हरवलेल्या पोराचा आवाज होता तो.

"आरं, वरडतोस कशाला?" आबा म्हणाले. "हितंच हाय की मी."

ते त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. जागचे हललेही नव्हते. त्यांनी घोंगड्यातून हात बाहेर काढला तेव्हा मलाही दिसले. भावाने तो हात धरला आणि चिखलात उभा राहून तो त्यांच्याकडे बघत राहिला, आपादमस्तक, जणू आत्ता पहिल्यांदाच बघत होता. तोवर मीही ओसरीतून पळत बांधापर्यंत पोचले होते.

मग भावाने झाडांकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं, आणि आता ते ‘काहीच नाही’ त्यालाही दिसत होतं. त्याने आवाज एकदम खाली आणला.

"आबा," त्याने विचारलं, "कुठं उभा हुता त्यो?"